खुर्जीत गेलेले फोन

"टाका," म्हणत कालिपाआपाने घोड्यावरची जुनी खुर्जी पुढे धरली. कोणीच हात हलवेना, तेव्हा तिने ती आणखी पुढे केली. "सगळ्यांनी टाका. वर्षातून एकदा मेंढा कापते मी, तो तुमचे भांग बघायला नाही. तोंडं बघायची आहेत मला."

पहिला फोन गुल्सूनने टाकला. आईच्या हुकमाला सगळ्यांत आधी मान द्यायचा आणि मग बाकीच्यांकडे बघत बसायचं, हे ती लहानपणापासून करत आली होती. तिच्या मुलाने, बेकतूरनेही टाकला, पण दात उपटून दिल्यासारखं तोंड करून. तिच्या भावाने, मक्सतने खिसे चाचपले, जरा डोंगराकडे बघितलं आणि टाकला. पाच वर्षांच्या अझिरेतच्या हातातून त्याच्या आईला, झिपारलाच काढून घ्यावा लागला, आणि त्याने भोकाड पसरायच्या आत तिने त्याच्या तोंडात तळलेल्या कणकेचा बोरसोक कोंबला. मग स्वतःचा फोन टाकून ती मोकळी झाली.

शेवटी पेरिझात आली. सशाचे कान असलेलं गुलाबी कव्हर तिने दोन्ही हातांत धरलं होतं. ती वाकली आणि खुर्जीच्या तळाशी ते अगदी जपून ठेवून मागे सरली.

"बघा, शिका," कालिपा म्हणाली. "माझी लेक. हिला दोनदा सांगावं लागत नाही."

माझी लेक. नऊ वर्षं झाली तरी झिपारला हे दोन शब्द चपलेतल्या खड्यासारखे टोचत. पेरी तिच्या पोटची. पण पहिलं मूल सासूच्या पदरात घालायचं, ही या घरची पिढ्यान् पिढ्यांची रीत. चाळिसावा दिवस झाला आणि पाळणा कालिपाच्या खोलीत गेला. त्यानंतर पेरीची आई, म्हणजे इकडच्या बोलीत आपा, कालिपाच झाली. मक्सत तिचा दादा आणि झिपार तिची वहिनी. रीतीत खोट होती असंही नाही. सासूने पोरीला तळहातावर वाढवलं होतं, आणि शिवणकारखान्यात दिवसभर मान मोडणाऱ्या झिपारला बिश्केकच्या भाड्याच्या खोलीत ते जमलंही नसतं. हे सगळं ती स्वतःला सांगत असे. सांगून सांगून ती आता थकली होती.

यंदा मात्र बिश्केकमध्ये दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं घर झालं होतं. आतल्या खोलीत अझिरेतच्या पलंगासमोर दुसरा पलंग मांडलेला होता आणि त्यावर कोणी झोपत नव्हतं. पेरीला शरदात तिकडच्या शाळेत घालायचं, हे मक्सत आज आईशी बोलणार होता. तसं गेल्या वर्षीही तो बोलणार होताच.

कालिपाने खुर्जी वाळुंजाच्या फांदीला अडकवली. एके काळी सासऱ्यांच्या घोड्यावर हीच असायची. खाली नदी दगडांवरून धडधडत होती, चुलीवर मोठी कढई चढली होती, मेंढ्याचं मांस शिजायला दुपार होणार होती. पहिली गवतकापणी झाली की कोचकोरच्या वरच्या या कुरणावर यायचं, हा घरातला नेम. पूर्वी माणसं चालत आणि घोड्यांवरून येत. आता दोन गाड्या येत, आणि गाडीतून उतरलेली माणसं आधी फोनला दांडी येते का ते बघत.

फोन गेल्यावर मुलांना हातांचं काय करायचं तेच कळेना. बेकतूरने ते एकदा खिशात घातले, एकदा बाहेर काढले. अझिरेत आडव्या पडलेल्या बाटलीच्या झाकणावर बोट सरकवत बसला.

"मामी, किती वाजले?" बेकतूरने विचारलं.

"मघाशी विचारलंस त्याहून थोडे जास्त," झिपार कांदा चिरता चिरता म्हणाली.

"जा, लाकडं आणा," कालिपाने तिकडून हाकललं. "पलीकडे शिंगरं आहेत, ती बघा. पेरी, घेऊन जा यांना. या शहरातल्या पोरांना घोडा पुढून कुठला आणि मागून कुठला ते दाखव."

पेरी हसली आणि दोघांना घेऊन गेली. जाताना तिने एकदा झिपारकडे पाहिलं. झिपारने मान खाली घातली. सासूसमोर लेकीकडे किती वेळ बघायचं, याचंही तिचं आता मोजमाप ठरलं होतं.

गुल्सून कणीक मळत होती आणि कणकेबरोबर तिचं तोंडही चालू होतं. "आपा बिचारी फोन गोळा करते, पण पोरीच्या हातात फोन दिला कोणी? आमच्या गावात नऊ वर्षांच्या पोरीला कोण देतं?"

"तुमच्या बेकतूरचा आहे की, ताई."

"तो मुलगा आहे. आणि त्याला वडिलांनी दिलाय." गुल्सूनने कणीक उलटली. "पेरी आधी आपाच्या मागे मागे असायची. दूध काढताना, चारा घालताना. आता संध्याकाळ झाली की भिंतीला टेकून बसते आणि त्यात बघून एकटीच हसते. आपाने मला रडत सांगितलं. म्हणाली, पोर घरात असून नाही."

"अभ्यासासाठी दिला होता," झिपार म्हणाली.

"हो ना. अभ्यास करताना आम्हीही असंच हसायचो."

यावर झिपारकडे उत्तर होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला तिने फोन दिला तेव्हा तिच्या मनात खरंच अभ्यास होता. पेरी आधी नुसती मांजरांची चित्रं पाठवायची. मग एका संध्याकाळी झिपार मशीनवर शेवटच्या बाह्या लावत असताना तिच्या फोनवर एकच शब्द आला. 'आई.' पुढे काही नाही, मागे काही नाही. झिपारने मशीन थांबवलं, आणि बाहीत सुई तशीच राहिली.

तेव्हापासून रोज. फोनवर आई, समोर आल्यावर वहिनी. दोघीच असल्या तरी पेरीच्या तोंडून वहिनीच निघायचं, जिभेला दुसरं वळणच नव्हतं. झिपारनेही कधी टोकलं नाही. टोकलं तर जे मिळतंय तेही जाईल, ही भीती.

मक्सत कढईखाली लाकूड सारत होता. झिपार कांद्याचं भांडं घेऊन त्याच्याजवळ गेली.

"बोल ना."

"आत्ता? मांस शिजू दे."

"गेल्या वर्षी म्हणालास, जेवण होऊ दे. मग म्हणालास, पोट भरल्यावर कोणी असलं बोलतं का."

"बोलतो म्हटलं ना. जरा तिचा मूड बघून." त्याने खिशाकडे हात नेला, तिथे काही नाही हे त्याला आठवलं, आणि तोच हात त्याने डोक्यावरून फिरवला. अडचणीची वेळ आली की मक्सत फोनमध्ये शिरायचा. आज दार बंद होतं, म्हणून तो चुलीत शिरला.

तेवढ्यात वाळुंजावर खुर्जीत काहीतरी टुणकलं.

"राहू दे," कालिपा लोकरीच्या जाजमावरून म्हणाली. "कोणी मरत नाही."

पुन्हा टुणकलं. मग पुन्हा. तो आवाज झिपारच्या फोनचा होता, आणि तो ठराविक आवाज तिने एकाच माणसासाठी लावून ठेवला होता. तिने शिंगरांच्या दिशेने पाहिलं. बेकतूर आणि अझिरेत कुंपणावर बसलेले दिसत होते. पेरी दिसत नव्हती. सशाचं कव्हर इतकं जपून का ठेवलं गेलं ते झिपारला आत्ता कळलं.

"मी बंद करते," ती उठत म्हणाली.

"तू कांदा चिर. गुल्सून, बंद कर गं ते पाखरू."

गुल्सूनने कणकेचे हात पुसले आणि खुर्जीत घातले. अझिरेतला उघडता यावा म्हणून झिपारच्या फोनला कुलूप नव्हतं. गुल्सूनच्या भुवया वर गेल्या. "अगं बाई, खरंच पाखरू. 'माझं पाखरू' म्हणून नाव घातलंय. मक्सत, तुझ्या बायकोला बिश्केकमध्ये कोण भेटलंय बघ."

"ताई, द्या तो इकडे."

"थांब की. 'आई, मी मोठ्या दगडामागे आहे. इथे एक दांडी येते.'" गुल्सून चेष्टेच्या सुरात वाचत सुटली होती, त्यामुळे पुढचंही तिच्या तोंडून निघून गेलं. "'आई, निळा रुमाल तुला छान दिसतो.'"

झिपारच्या डोक्याला निळाच रुमाल होता. गुल्सूनने तो पाहिला आणि तिचा आवाज खाली आला. फोन तिने पदरासारखा पोटाशी धरला.

"थांबू नकोस," कालिपा म्हणाली. "वाच."

"आपा, जाऊ दे ना."

"माझे डोळे चालत असते तर तुला विचारलं नसतं. वाच."

गुल्सूनने वाचलं. "'आई, दादा बोलला का?'" मग थोडं थांबून, "'आई, मी आज तुमच्या गाडीतून येऊ? तूच विचार. मी विचारलं तर आपा रडेल. ती गोठ्यात जाऊन रडते. तिला वाटतं मला कळत नाही.'"

कालिपा गुडघ्यावर हात ठेवून उठली, खुर्जीपाशी गेली आणि चाचपून तिने सशाचं कव्हर बाहेर काढलं. आत नदीतला चपटा गोटा होता, कडा घासून बेताचा बसवलेला. कालिपाने तो हातावर तोलला.

"मन लावून केलंय," ती म्हणाली.

"आपा, मी तुला सांगणारच होतो," मक्सतने सुरुवात केली. "म्हणजे आम्ही दोघांनी असा विचार..."

"तू लाकडं सार."

मक्सत लाकडं सारायला लागला. कालिपाने झाऱ्या घेतला आणि कढईवरचा फेस काढत उभी राहिली. फेस मघाशीच काढून झाला होता. झिपार तिच्याजवळ गेली. जायलाच हवं होतं, दुसरं कोण जाणार.

"कधीपासून?" कालिपाने विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"तोंडाने म्हणते?"

"नाही. तोंडाने कधीच नाही."

"माझ्या घरात बसून, माझ्या भिंतीला टेकून." झाऱ्या कढईच्या काठावर आपटला. "मी म्हणायची फोन पोरीला खातोय. तो फोन नव्हता. तू होतीस. चोरी केलीस तू माझ्याकडे."

नऊ वर्षांत झिपारने सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज द्यायचं तिने ठरवलंही नव्हतं. ती इतकी दमली होती की शब्द अडवायलाही अंगात त्राण नव्हतं.

"माझीच होती, आपा," ती म्हणाली.

गुल्सून पुन्हा कणकेकडे वळली. मक्सतने धुरात तोंड घातलं. आता सासू झाऱ्या फेकणार, निदान चार गावांना ऐकू जाईल असं बोलणार, असं झिपारला वाटलं. पण कालिपा कढईतच बघत राहिली.

"शारशेनचा फोटो बघितलायस ना तू," ती म्हणाली.

फोटो सगळ्यांनीच बघितला होता. कालिपाच्या घरात आरशाशेजारी तो टांगलेला असे. मक्सतचा थोरला भाऊ, घाटात ट्रकसकट गेलेला.

"माझा पहिला मुलगा. माझ्या सासूच्या पदरात घातला. त्याच्या लग्नात आईच्या जागी ती बसली, आणि मी आत कणीक मळत होते. मळता मळता गाणी ऐकली. जन्मभर मला वहिनी म्हणाला. घाटात जायच्या आदल्या दिवशीही म्हणाला, वहिनी, चहा कडक कर." कालिपाने फेस नसलेल्या पाण्यातून झाऱ्या फिरवला. "सासू मेल्यावर तरी म्हणेल, असं वाटायचं. पण त्याचीही जीभ वळली नसेल. मीही कधी विचारलं नाही. तेव्हा फोन नव्हते."

झिपारने कढईवरचा धूर हाताने बाजूला केला.

"असते तर त्याने लिहिलं असतं का गं?"

"लिहिलं असतं, आपा."

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत," झिपार म्हणाली.

कालिपाने मान हलवली. खोटं न बोलल्याबद्दल ती सुनेवर खूश झाली की रागावली, ते तिच्या तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं. मग तिने वळून दगडाच्या दिशेने हाक मारली, नेहमीच्याच आवाजात. "पेरी! ये, जेवायला ये. सगळ्यांना घेऊन ये."

हात धुऊन झाले, सगळे जाजमावर बसले. पेरी कालिपाला खेटून बसली होती आणि कोणाच्या तोंडाकडे बघावं ते तिला समजत नव्हतं. आपल्या मागे काहीतरी झालंय एवढं तिला कळलं होतं. घरातला कर्ता पुरुष म्हणून मेंढ्याचं डोकं मक्सतपुढे आलं, आणि त्याने ते आईपुढे सरकवलं. त्याच्या वाटणीची सगळी कामं अशीच आईपुढे सरकत आली होती.

कालिपाने कान कापून बेकतूरला दिला. "घे. मोठ्यांचं ऐकणारा हो."

"ऐकलं की फोन मिळेल?" बेकतूरने विचारलं. गुल्सूनने त्याला कोपराने ढोसलं, पण हसायला कोणी तरी सुरुवात करायला हवीच होती, आणि अझिरेतने ती केली.

मग डोळे. एका डोक्यातले दोन डोळे ज्यांना वाटून देतात, ती दोघं एकमेकांच्या नजरेआड होत नाहीत, म्हणतात. दरवर्षी एक पेरीला आणि एक कालिपाला, हे ठरलेलं. त्यामुळे पेरीने हात पुढे केला आणि कालिपाने त्यावर एक ठेवला. दुसरा तिने सुरीच्या टोकावर घेतला आणि तो तिथेच राहिला.

"झिपार," ती म्हणाली. "हात कर."

झिपारने हात केला.

"आपा, मग तुझा?" पेरीने हळूच विचारलं.

"मी पुष्कळ बघितलं तुला." कालिपाने सुरी पुसली. "खा. निवतंय." आणि सुनेकडे न बघता ती पुढे म्हणाली, "शरदात शाळेची पहिली घंटा व्हायच्या आधी येऊन ने. तोवर माझ्याकडे. दुसरी कापणी व्हायची आहे, आणि पोरीचा स्वेटर अर्धा आहे."

झिपारने आजवर हा क्षण कितीतरी वेळा मनात पाहिला होता. त्यात ती रडायची, पेरीला पोटाशी धरायची. प्रत्यक्षात तिने फक्त हातातलं तोंडात टाकलं आणि चावलं. कारखान्यातली पाळी संपून मशीन बंद झालं तरी कानात ते चालूच राहतं, तसं तिला वाटत होतं. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. समोर एक म्हातारी भाकरीचे तुकडे करत होती, आणि तिच्या ताटात काहीच वाढून घेतलेलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर खुर्जी खाली उतरली. फोन परत मिळताच सगळ्यांच्या माना पुन्हा झुकल्या, गुल्सूनची पण. पेरी रिकाम्या हाताने उभी होती. कालिपा म्हणाली, "काढ." पेरीने बुटातून फोन काढला. कालिपाने तो आपल्या बाहीला पुसला, गुलाबी कव्हरातला गोटा काढून खिशात टाकला, फोन कव्हरात बसवला आणि तिच्या हातात दिला.

"घरी गेल्यावर भरून ठेव," ती म्हणाली. "दिवसभर वापरलायस."

खालच्या रस्त्यावर गाड्या वेगळ्या झाल्या. गुल्सूनची गाडी कालिपाला आणि पेरीला घेऊन गावाकडे वळली, मक्सतची बिश्केककडे. उद्या कारखाना होता. मागे अझिरेत कार्टून बघता बघता पेंगला होता, आणि फोन त्याच्या पोटावर बडबडत होता.

"झालं एकदाचं," मक्सत म्हणाला. "मी आज बोलणारच होतो."

"हो," झिपार म्हणाली. भांडायचं तर त्यालाही ताकद लागते.

घाट उतरताना फोन टुणकला. तिने मांडीवरचा रुमाल बाजूला केला आणि वाचलं.

'आई, तू आपासाठी फोन घेशील? मोठी अक्षरं दिसतात तो.'

'घेते,' झिपारने लिहिलं.

पेरी पलीकडे बराच वेळ काहीतरी लिहीत होती, खोडत होती. मग आलं, 'मी तिकडे आल्यावर तिला लिहीन. पण काय म्हणून लिहू?'

झिपारने 'आजी' लिहिलं. नातं तेच होतं, शाळेतही तेच शिकवतील, आणि नऊ वर्षं तिला तेच ऐकायचं होतं. तिने अक्षरांकडे बघितलं. कढईतून फिरणारा झाऱ्या तिच्या डोळ्यांपुढे आला.

तिने शब्द खोडला. 'आपा,' तिने लिहिलं. 'आपाच लिही.'